कोर्टाने दिलेल्या वकिलाचं बिल कोण भरतं? एका हक्काची आणि त्याच्या पैशांची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. कारण हा विषय आपल्यापैकी कुणाच्याही घरापर्यंत येऊ शकतो.

सिनेमात, मालिकेत एक प्रसंग हमखास असतो. आरोपी पिंजऱ्यात उभा. न्यायाधीश विचारतात, "वकील दिला आहे का?" तो मान हलवतो, "ऐपत नाही साहेब." मग न्यायाधीश म्हणतात, "सरकारी खर्चाने वकील दिला जाईल." प्रसंग संपतो, कथा पुढे सरकते. मी तालुका कोर्टाच्या बातम्या बरीच वर्षं करतोय. माझ्या मते खरी कथा तिथेच सुरू होते. "सरकारी खर्चाने" म्हणजे कुठल्या खर्चाने? तो वकील बिल कुणाकडे देतो? किती दिवसांनी पैसे मिळतात? आणि पैसे उशिरा मिळाले, कमी मिळाले, तर भोगतं कोण?

आधी एक घोळ मिटवू. गावाकडे अजूनही लोक म्हणतात, "त्याला सरकारी वकील मिळाला." सरकारी वकील म्हणजे सरकारच्या बाजूने, आरोपीविरुद्ध खटला चालवणारा. आपण बोलतोय तो दुसरा. आरोपीच्या बाजूने उभा राहणारा, पण ज्याची फी सरकारी तिजोरीतून जाते. कोर्टात त्याला "लीगल एडचा वकील" म्हणतात. एकाच खटल्यात दोन्ही बाजूंचे वकील सरकारी पैशांवर उभे असतात. पण दोघांच्या पैशांचा रस्ता एकसारखा नाही.

हक्क नव्हता, रिवाज होता

इंग्रजांच्या काळात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आरोपीला वकील लावायचा हक्क दिला होता. वकील "लावायचा" हक्क, वकील "मिळण्याचा" नव्हे. खिशात पैसे असतील तर लावा. फाशी होऊ शकेल अशा खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याचा रिवाज होता, पण तो अपवाद. बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं.

स्वातंत्र्यानंतरही हे लगेच बदललं नाही. १९५१ साली तारा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कायद्यातला हा हक्क म्हणजे राज्याने वकील पुरवावा असा हक्क नव्हे. आरोपीला वकील हवा असेल तर त्याने तो स्वतः करावा.

त्याच सुमारास आपल्याकडे, जुन्या मुंबई राज्यात, एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक मदतीसाठी समिती नेमली. त्याच वर्षी इंग्लंडने लीगल एडचा कायदा केला होता. गरिबाला वकील देणं हे दानधर्माचं काम नसून राज्याची जबाबदारी आहे, हा विचार तेव्हापासून आपल्याकडे कागदावर आला. पण कागदावरच राहिला. १९५८ साली सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने चौदाव्या अहवालात पुन्हा तेच सांगितलं. १९६० साली केंद्राने एक आराखडा केला आणि राज्यांना विचारलं. राज्यांचं उत्तर काय असेल? अंदाज करा. "पैसे नाहीत."

हे उत्तर लक्षात ठेवा. पुढच्या साठ वर्षांत ते वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येत राहतं.

कलम ३०४: पहिल्यांदा "राज्याच्या खर्चाने"

१९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली. तिच्या कलम ३०४ मध्ये पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं की सत्र न्यायालयात आरोपीला वकील नसेल आणि वकील करण्याइतकी ऐपत नसेल, तर न्यायालयाने राज्याच्या खर्चाने वकील द्यायचाच. वकील कसे निवडायचे, त्यांना कोणत्या सुविधा द्यायच्या आणि सरकारने त्यांना किती फी द्यायची, याचे नियम उच्च न्यायालयाने राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीने करायचे.

ही शेवटची ओळ दोनदा वाचा. हक्क दिला कायद्याने, पण फीच्या आकड्यावर सही लागते सरकारची. फीचे दर बदलायचे म्हणजे फाईल मंत्रालयात जाणार. महागाई दरवर्षी वाढते, फाईल तिच्या वेगाने चालते. आज नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ३४१ झालं आहे. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, फी ठरवण्याची रचना तीच आहे.

पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. पैसे नाहीत म्हणून कुणाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, यासाठी राज्याने मोफत कायदेविषयक मदत द्यावी. आणीबाणीच्या काळातली ती घटनादुरुस्ती इतर अनेक कारणांनी बदनाम आहे, पण हे कलम तिच्यातूनच आलेलं आहे, हेही खरं.

होसकोट: खटला हरला, पण सगळ्यांना हक्क देऊन गेला

आता महाराष्ट्रातला खटला. माधव हयवदनराव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. हा माणूस गरीब, अडाणी नव्हता. विद्यापीठात शिकवणारा प्रपाठक होता. आरोप होता कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याचा, त्यासाठी मुंबईत एका ब्लॉक तयार करणाऱ्याकडे विद्यापीठाचा शिक्का बनवायला टाकल्याचा. सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली. कोर्ट उठेपर्यंत बसायचं आणि दंड. १९७३ साली उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं केली.

या निकालाची प्रत आपल्याला वेळेत मिळालीच नाही, असं होसकोट यांचं म्हणणं. तुरुंगाचं म्हणणं, दिली होती. त्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा चार वर्षांहून जास्त काळ गेला होता आणि शिक्षा भोगून संपली होती.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गुणवत्तेवर अर्ज फेटाळला. पण फेटाळताना जे नियम घालून दिले ते देशभरच्या कैद्यांना लागू झाले. निकालाची प्रत कैद्याला वेळेत आणि मोफत मिळाली पाहिजे. अपिलासाठी वकील करता येत नसेल तर न्यायालयाने नेमून दिला पाहिजे. आणि आपल्या विषयाचा मुद्दा हा की ज्या राज्याने खटला भरून माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलं, त्याच राज्याने त्याच्या वकिलाची फी द्यायची. किती, ते न्यायालय वाजवीपणे ठरवेल.

यातलं तर्कशास्त्र साधं आहे. राज्य तुमच्यावर खटला भरतं. पोलीस राज्याचे, प्रयोगशाळा राज्याची, सरकारी वकील राज्याचा. मग लढाई बरोबरीची व्हायची असेल तर समोरच्याच्या वकिलाचाही खर्च राज्यानेच उचलायला हवा. यात कुणावर उपकार नाही.

एका बातमीने काय होऊ शकतं

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनारा खातून खटला आला. बिहारच्या तुरुंगांत कच्चे कैदी खटल्याविना वर्षानुवर्षं पडून होते. काहींच्या बाबतीत गुन्ह्याला जेवढी कमाल शिक्षा असेल त्याहून जास्त काळ. ही गोष्ट उजेडात आली ती इंडियन एक्सप्रेसमध्ये छापून आलेल्या लेखांमुळे. लिहिणारे होते राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, आणि आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. ते लेख घेऊन वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी, म्हणजे १९४९ च्या त्या मुंबई समितीच्या अध्यक्षांच्या मुलाने, निकाल दिला की मोफत वकील हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे.

बापाने अहवाल लिहिला, मुलाने तीस वर्षांनी त्याला हक्काचं रूप दिलं. मध्ये किती माणसं विनावकील आत गेली, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

१९८१ मध्ये भागलपूरच्या कैद्यांच्या प्रकरणात, पोलीस कोठडीत डोळे फोडलेल्या त्या माणसांच्या प्रकरणात, न्यायालयाने आणखी एक दार बंद केलं. पैशांची अडचण आहे, ही सबब राज्याला सांगता येणार नाही. आणि आरोपीला पहिल्यांदा हजर केल्या दिवशीच दंडाधिकाऱ्याने त्याला सांगायचं की तुला मोफत वकील मिळू शकतो. १९८६ च्या सुक दास खटल्यात तर न्यायालय म्हणालं, आरोपीने मागितला नाही म्हणून दिला नाही, हेही चालणार नाही. ज्याला हक्कच माहीत नाही तो मागणार कसा?

कायदा झाला, पण आठ वर्षं कपाटात

१९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेत मंजूर झाला. लागू कधी झाला? ९ नोव्हेंबर १९९५. आठ वर्षांनी. म्हणूनच ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. त्या दिवशी कोर्टात बॅनर लागतो, फोटो निघतात, आमच्याकडे प्रेसनोट येते.

या कायद्याने एक पूर्ण शिडी उभी केली. वर राष्ट्रीय प्राधिकरण, मग राज्य, मग प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आणि तालुक्याला तालुका समिती. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा या तिन्ही पातळ्यांवर स्वतंत्र निधीची तरतूद. कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला, याची यादी आहे. महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीतली कुणीही व्यक्ती, आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले बाकी सगळे. महिलेला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही लागत नाही. तुरुंगात असलेल्यालाही नाही. हे इतकं साधं वाक्य, पण दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे मारणारी माणसं मी आजही बघतो.

बिलाचा प्रवास

आता मुद्द्यावर येऊ. पॅनलवरच्या वकिलाला पैसे कसे मिळतात?

आधी नियुक्तीपत्र. प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज येतो, किंवा न्यायालय थेट कळवतं. पॅनलमधल्या वकिलाचं नाव निघतं. तो वकीलपत्र दाखल करतो आणि कामाला लागतो. इथून पुढे झेरॉक्स, टायपिंग, जिल्ह्याच्या तुरुंगात जाऊन अशिलाला भेटणं, नकला काढणं, हे सगळं आधी त्याच्याच खिशातून.

मग तारखा. खटला सहा महिन्यांत संपेल की सहा वर्षांत, हे त्याच्या हातात नसतं. काम संपलं की बिल. नियुक्तीपत्राची प्रत, निकालाची प्रत, काम पूर्ण केल्याचा अहवाल, बँकेचा तपशील. कार्यालय तपासतं. तारीख जुळत नाही, एक कागद कमी आहे, सही राहिली, असं काही निघालं की परत. तपासून झालं की मंजुरी, आणि मंजुरीनंतर निधी असेल तर पैसे खात्यात. निधी नसेल तर पुढच्या अनुदानाची वाट. मार्चअखेरीस कोणत्याही सरकारी कार्यालयात गेलात तर ही वाट बघणं काय असतं ते कळेल.

राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत स्पष्ट आहे की वकिलाने काम पूर्ण केल्याचं कळवलं की फी विनाविलंब द्यायची. आणि दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. पॅनलवरच्या वकिलाने अशिलाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. फी नाही, भेट नाही, "चहापाण्याचे" नाहीत. कुणी मागितले तर तक्रार करा.

म्हणजे बघा, वकिलाचे हात दोन्हीकडून बांधलेले. अशिलाकडून घेता येत नाही आणि सरकारकडून वेळेत मिळेलच असं नाही. एका ज्येष्ठ वकिलांनी मला एकदा हसत सांगितलं होतं, "लीगल एडच्या बिलाचा मी हिशोबच ठेवत नाही. ठेवला तर पुढची केस घेणार नाही." ते हसले, पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. चांगले, अनुभवी वकील पॅनलवर का टिकत नाहीत, याचं उत्तर या एका वाक्यात आहे. मग उरतात ते नवखे पोरं-पोरी, ज्यांना अनुभव हवा असतो, आणि थोडे असे, ज्यांना दुसरं काम नसतं.

कसाबचा खटला आणि दोन वेगवेगळी बिलं

हा विषय सगळ्यात उघडा पडला तो २६/११ च्या खटल्यात. अजमल कसाबला वकील द्यायचा म्हटल्यावर मुंबईत काय वातावरण होतं ते आठवा. पहिल्या नेमलेल्या महिला वकिलांच्या घरासमोर निदर्शनं झाली. पुढे हितसंबंधांच्या कारणाने त्यांना बाजूला व्हावं लागलं, मग दुसरे वकील आले, मग तिसरे. तरी खटला वकिलाविना चालला नाही. जगासमोर आपण अभिमानाने सांगतो की आम्ही त्यालाही वकील दिला. ते बरोबरच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ ला फाशी कायम केली. तिथे न्यायालयाने ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना नेमलं होतं. सोबत गौरव अग्रवाल होते. न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला अनुक्रमे ११ लाख आणि साडेतीन लाख रुपये द्यायला सांगितलं. या दोघांनी ती रक्कम हल्ल्यात मारल्या गेलेल्या पोलिसांच्या आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना द्यावी अशी इच्छा व्यक्त केली. मोठ्या मनाची गोष्ट.

पण याच खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात विधी सेवेमार्फत आणखी दोन वकील नेमले गेले होते. हल्ल्याला दहा वर्षं झाली तेव्हा, २०१८ साली, बातमी आली की त्या दोघांना आपली फी अजून मिळालेली नाही. देशातला सगळ्यात गाजलेला खटला, सगळ्या जगाचं लक्ष, तरी ही गत. मग आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मोटारसायकल चोरीच्या आरोपीच्या वकिलाचं बिल कुठल्या फाईलखाली असेल, विचार करा.

त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी कसाबपेक्षा तुमच्या-माझ्या कामाची आहे. आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्यावर वकिलाच्या हक्काची माहिती देणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि ते चुकवलं तर त्याच्यावर खात्यामार्फत कारवाई होऊ शकते.

घाईचा वकील

पैसे आणि दर्जा यांचा संबंध काय, असं कुणी विचारेल. २०१९ चा अनोखीलाल खटला बघा. मध्य प्रदेशातला, बालिकेवरच्या अत्याचाराचा आणि खुनाचा भीषण गुन्हा. आरोपीला कोर्टाने वकील दिला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. दोन आठवड्यांच्या आत खटला संपून फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या खंडपीठाने घालून दिलं की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाचा अनुभव किमान दहा वर्षांचा असावा, आणि तयारीला साधारण किमान सात दिवस मिळावेत.

यात पीडित कुटुंबाचं काय झालं, तेही बघा. वकील नावापुरता दिल्यामुळे त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सोसावं लागलं. म्हणून मी म्हणतो, आरोपीला चांगला वकील देणं हे पीडिताच्याही हिताचं आहे. कच्च्या खटल्यावरची शिक्षा वर टिकत नाही.

आता पगारी वकील

२०२२ पासून नवी पद्धत आली आहे. विधी सहाय्य संरक्षण सल्लागार योजना. जिल्ह्यात मुख्य, उपमुख्य आणि सहाय्यक असे वकील कंत्राटावर पूर्णवेळ नेमायचे, दरमहा मानधन द्यायचं, त्यांनी खाजगी केसेस घ्यायच्या नाहीत, फक्त फौजदारी बचावाचं काम करायचं. सरकारी वकिलांचं कार्यालय असतं तसं बचावाचंही कार्यालय.

मला ही सुधारणा मनापासून आवडते. प्रत्येक केसचं बिल, त्यामागची धावाधाव कमी होते. पण प्रश्न संपत नाहीत. कंत्राटाची मुदत संपली की पुढे काय? एका वकिलाच्या टेबलावर किती केसेस? ज्या कार्यालयाने नेमलं त्याच इमारतीतल्या न्यायाधीशासमोर तो कितपत ताठ उभा राहील? आणि दिवाणी, कौटुंबिक प्रकरणांत, पोटगीच्या अर्जात, आजही जुनाच पॅनल आणि जुनंच बिल आहे. आपल्या भागातल्या बायकांना वकील लागतो तो बहुतेक करून याच कामांसाठी.

आपण काय करायचं

पत्रकार म्हणून मी एक ठरवलंय. आपल्या जिल्हा प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागणार आहे. मागच्या तीन आर्थिक वर्षांत वकिलांच्या फीसाठी किती निधी आला, किती खर्च झाला आणि किती बिलं किती दिवसांपासून प्रलंबित आहेत. जे उत्तर येईल ते इथेच टाकेन, चांगलं असेल तरी टाकेन. आपल्याकडे काम करणारे न्यायाधीश आणि कर्मचारी मनापासून राबताना मी पाहिलेत. दोष माणसांचा कमी आणि रचनेचा जास्त आहे.

तुम्ही एवढं करा. घरात, वाडीत, वस्तीत कुणाला वकिलाची गरज असेल तर त्याला १५१०० हा मोफत हेल्पलाईन नंबर द्या, किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीच्या कार्यालयात पाठवा. त्याला सांगा की ही भीक नाही. १९४९ पासून या देशातल्या लोकांनी भांडून, लिहून, खटले हरूनसुद्धा हा हक्क उभा केला आहे.

आणि वकील मित्रांनो, तुमची बिलं अडकली असतील तर बोला. नाव छापणार नाही. पण आकडा छापायला हवा. कारण ज्याचं बिल चार वर्षं अडकलंय, त्याच्या भरवशावर कुणीतरी आज तुरुंगात तारखेची वाट बघत बसलंय.